इस्तंबूलचं मेहाने: मेझे झकास, माशाचा भाव मात्र आधी विचारा

ऑक्टोबरात इस्तंबूलला गेलो होतो तेव्हा बेयोलूच्या नेविझादे गल्लीत एका मेहानेत जेवलो. मेहाने म्हणजे राकी (तुर्की दारू) आणि मेझेची (सोबत खायच्या छोट्या छोट्या पदार्थांची) जुन्या वळणाची जागा, टेबलाला टेबल खेटलेलं, शेजारच्याचं कोपर जवळजवळ आपल्या ताटात. नाव देत नाही, का ते खाली कळेलच.

मेन्यूकार्ड बघायची फारशी वेळच येत नाही कारण वेटर भला मोठा ट्रे घेऊन येतो, त्यात छोट्या छोट्या बशा, आपण नुसतं बोट दाखवायचं. आम्ही चौघं, पोटात कावळे ओरडत होते, धडाधड दहा बशा उतरवून घेतल्या आणि तिथेच चुकलो. हे लोक दोन-तीन घेतात, गप्पा मारतात, मग पुन्हा दोन. तीन-चार तास आरामात जातात.

चव मात्र एक नंबर. हायदारी म्हणजे आपला घट्ट चक्काच, पण लसूण-पुदिना घातलेला. लाकेर्दा हा मिठात मुरवलेला पालामुत मासा, बांगड्याच्याच कुळातला, जाड तुकडे, वर कांदा, जिभेवर लोण्यासारखा. आणि देनिझ ब्योरुल्जेसी! समुद्रकाठची खारट हिरवी भाजी, लसूण आणि ऑलिव्ह तेलात, देठ धरून दातांनी ओढायची, आतली काडी हातात राहते, शेवग्याची शेंग खाणाऱ्याला शिकवायला नको. तळलेलं कलामारी मात्र रबरी होतं, सोबतचा तारातोर सॉस तेवढा चाटूनपुसून संपवला. राकीत पाणी ओतलं की ती दुधासारखी पांढरी होते म्हणून तिला सिंहाचं दूध म्हणतात, वास बडीशेपेसारखा, मला दोन घोट बास झाले, नवऱ्याला मात्र फार आवडली.

आता तक्रार. लुफेर माशाचा सीझन म्हणून वेटरने दोन मासे आणून दाखवले, आम्ही खुशीत मान डोलावली, ना वजन विचारलं ना भाव. मासा किलोवर लावतात हे बिल आल्यावर कळलं, बाकी सगळ्या मेझेची बेरीज त्या दोन माशांपुढे किरकोळ! वर न मागितलेल्या ब्रेड-पाण्याचे कुवेर म्हणून वेगळे पैसे. विचारलं तर म्हणे असंच असतं. असेल बाबा, पण आधी बोला ना. मासा कोळशावर सुंदर भाजलेला होता हे खरं, म्हणून जास्तच चिडचिड झाली.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर काडिक्योयला गेलो, तिकडच्या मासळीबाजाराजवळ एका साध्या ठिकाणी नुसते मेझे घेतले, एका वेळी दोनच. वेटरने 'बालिक?' म्हणून मासा विचारला तर मी पोटावर हात फिरवला, तो हसला आणि ओव्हनमधून बुडबुडे येणारा गरम ताहिन (वाटलेल्या तिळाचा) हलवा घेऊन आला. तोंड भाजलं, पण वाटी पुसून काढली.