कॉमिक कॉनला जुनी कॉमिक्स विकायचीत? अख्खा स्टॉल, अर्धं टेबल की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

आधीच सांगून टाकतो, पहिल्या वर्षी अख्खा स्टॉल घेऊ नका. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथंच थांबले तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण तिन्ही प्रकार मी स्वतः करून बसलोय: मोठ्या कॉनला, म्हणजे कॉमिक्स-कार्टूनच्या चाहत्यांच्या जत्रेला, मित्रासोबत अर्धं टेबल, एका छोट्या फेस्टिव्हलला एकट्याचा स्टॉल, आणि वर्षभर जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विक्री. माल म्हणाल तर सहाशे-सातशे अंक, काही रद्दीवाल्याकडून, काही बंद पडलेल्या एका लायब्ररीतून एकगठ्ठा उचललेले. इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा, राज कॉमिक्स, डायमंड कॉमिक्सचे थोडे, आणि फूटपाथवरून वर्षानुवर्षं गोळा केलेली अमेरिकन सुटी कॉमिक्स.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे कॉमिक कॉनला येणारा माणूस कॉमिक्स घ्यायला येतो. २०११ मध्ये आधी दिल्ली हाटला आणि मग मुंबईत कफ परेडला हा प्रकार सुरू झाला त्यानंतर गर्दी प्रचंड वाढली, पण ती गर्दी अ‍ॅनिमे (जपानी कार्टून), कॉस्प्ले (पात्रांसारखा वेश करणं), गेमिंग, टी-शर्ट, कीचेन यांची आहे. त्यात तिकिटासोबत एक कॉमिक फुकट मिळतं, म्हणजे गिऱ्हाईक तुमच्या टेबलाशी येतं तेच हातात कॉमिक घेऊन.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. कार्डबोर्डची तलवार पाठीला लावलेलं एक पोरगं आलं, चौदा-पंधराचं असेल, इंद्रजालचा अंक उचलून म्हणालं हा मास्कवाला कोण? मी म्हटलं वेताळ, इंग्रजीतला फँटम. त्याला काही फरक पडला नाही, ठेवून दिला. पण मागे त्याचे बाबा उभे होते, हातात दोन पिशव्या, चेहऱ्यावर कंटाळा, त्यांनी तोच अंक घेतला, मधलं पान उघडलं, नाकाला लावलं आणि म्हणाले "डेंकालीचं जंगल!" (इंद्रजालवाल्यांनी वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं होतं, ज्यांनी तेव्हा वाचलंय त्यांनाच हे नाव कळतं.) शंभरवाले चार अंक घेऊन गेले, वर पोरालाच पैसे स्कॅन करायला लावले. तेव्हापासून मी इंद्रजाल टेबलावर आडवे ठेवत नाही, मागे स्टँडवर मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला लावतो, आणि पोरांच्या उंचीला अमेरिकन सुटी कॉमिक्स.

आता हिशोब. माझ्या अर्ध्या टेबलाचा वाटा, जाणं-येणं, खाणं, पिशव्या, सगळं धरून दोन दिवसांचे नऊ हजार झाले. माझा अंक सरासरी १२० ला जातो, मला ४० ला पडलेला असतो, म्हणजे सुटतात ८०. नऊ हजार भागिले ८०, म्हणजे ११३ अंक विकल्यावर खर्च निघतो, ११४ व्या अंकापासून कमाई. मी दोन दिवसांत १४० च्या आसपास विकले, म्हणजे फार काही कमावलं नाही पण तोंडघशीही पडलो नाही. हेच अख्ख्या स्टॉलचं करून बघा. समजा सगळा खर्च धरून पंचवीस हजार लागले तर ३१३ अंक विकायला लागतील, दोन दिवसांचे सोळा तास धरले तर दर तीन मिनिटाला एक. आणि पहिला तास लोक नुसते फिरत असतात, दुपारी सगळे स्टेजकडे पळतात, म्हणजे विक्रीचे खरे तास आठ-नऊच. तुमचे आकडे वेगळे असतील, पण भागाकार हाच करायचा आणि तो पैसे भरायच्या आधी करायचा.

एकट्याच्या स्टॉलची दुसरी अडचण कोणी सांगत नाही, ती म्हणजे बाथरूम. छोट्या फेस्टिव्हलला मी दहा मिनिटं शेजारच्या पोस्टरवाल्याला लक्ष ठेवायला सांगून गेलो, परत आलो तर राज कॉमिक्सचे तीन विशेषांक गायब. त्याची चूक नाही, त्याच्याकडेही गर्दी होती. अर्ध्या टेबलाला पार्टनर असतो, एक विकतो एक बघतो. फक्त पार्टनर निवडताना एक बघा, त्याचा माल तुमच्यासारखाच नको. माझा मित्र स्वतःच्या चित्रांचे स्टिकर आणि प्रिंट विकतो, त्याच्याकडे पोरं येतात आणि वाट बघणारे आई-बाबा माझ्याकडे वळतात, असं आपोआप जमलं.

ग्रुपवर सगळं उलटं असतं. भाडं नाही, गर्दी नाही, आणि समोरचा माणूस तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. तिथे साधा अंक विकायला गेलात तर कोणी विचारत नाही, सगळ्यांकडे असतो. पण इंद्रजालचा पहिल्या ३२ मधला अंक टाका, ज्यात नुसता वेताळच यायचा, की पाच मिनिटांत फोन. १९६४ ते १९९० एवढा पसारा आहे इंद्रजालचा, आठशेच्या वर अंक, आणि प्रत्येकाची गॅप-लिस्ट, म्हणजे आपल्याकडे नसलेल्या अंकांची यादी, तयार असते, त्यात मराठी आवृत्ती शोधणारे वेगळे. मात्र चौकशी मुलाखतीसारखी होते. पिना गंजल्यात का, मधलं पान आहे का, कसर लागलीय का, शब्दकोडं पेनने भरलंय का, लायब्ररीचा शिक्का कुठल्या पानावर आहे. लायब्ररीतले अंक बहुतेक वेळा दोऱ्याने शिवलेले असतात, कडेला सुईची तीन भोकं दिसतात, त्याचा फोटो टाकला नाहीत तर पार्सल परत येणार आणि ग्रुपवर नाव खराब होणार ते वेगळंच. शिवाय "बुक केलं" म्हणून आठ दिवस गायब होणारे. आणि रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर फोटो काढणं, वजन करणं, पॅकिंग. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ च्या सप्टेंबरपासून स्पीड पोस्टमध्येच गेलंय, त्यामुळे एक अंक पाठवायचा खर्च कधीकधी अंकाच्या निम्म्यावर जातो, म्हणून मी तीनपेक्षा कमी अंकांची ऑर्डर घेतच नाही.

म्हणजे साधा माल हॉलमध्ये आणि दुर्मिळ माल ग्रुपवर, असं वाटून टाकायचं. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं. दीड-दोन हजाराचे अंक टेबलावर मखरात बसवल्यासारखे मांडले, लोकांनी फोटो काढले, एक काकू म्हणाल्या एवढ्यात किराणा येतो, आणि विकला एकही गेला नाही. पण दोघांनी नंबर घेतला आणि महिन्याभरात त्यातले तीन अंक ग्रुपवरून घेतले. त्यामुळे आता दुर्मिळचा एकच अंक दाखवायला नेतो, बाकीच्यांची छापील यादी. टेबलावर खरं पळतं ते "कोणतंही ५०" आणि "कोणतंही १००" चं खोकं. लोक उकिडवे बसून चाळतात, आणि एकदा खाली बसलेला माणूस हात हलवत जात नाही.

एक प्रश्न दोन दिवसांत सात-आठ वेळा आला, अमर चित्र कथा नंबर एक आहे का? पहिले दहा नंबर परदेशी परीकथांचे होते, कृष्ण आला अकराव्या नंबरला, हे सांगितलं की माणूस पाच मिनिटं जास्त थांबतो आणि बहुतेक वेळा काहीतरी घेतो.

रद्दीवाल्याला किंवा फोर्ट-माटुंग्याच्या फूटपाथवाल्यांना एकगठ्ठा देणं हा चौथा मार्ग आहेच, महिन्याभरात घर रिकामं करायचं असेल तर खुशाल द्या, पण भाव रद्दीच्या किलोच्या दराच्या आसपासच मिळेल.

जीएसटीची भीती नुसत्या कॉमिक्ससाठी बाळगू नका, छापील पुस्तकांवर कर शून्य आहे. कीचेन, टी-शर्ट ठेवलेत आणि तेही दुसऱ्या राज्यातल्या कॉनला, तर मात्र आधी सीएला विचारा.

सामानात पिशव्या घेताना बीओपीपीच्या (पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या) चिकटपट्टीवाल्या घ्या, पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला होलसेल मिळतात, पण आपल्या अंकांचे आकार तीन प्रकारचे असतात तेव्हा एक-एक अंक सोबत घेऊनच जा, मी अंदाजाने आणलेल्या पाचशे पिशव्यांत डायमंडचे अंक पोहत होते. क्यूआर कोड छापून न्या आणि दोन हजाराचे सुटेही न्या, हॉलमध्ये संध्याकाळी नेटवर्क बसतं आणि मग गिऱ्हाईक मोबाईल वर धरून गोल-गोल फिरत राहतं. आणि टेबलावरची चादर जमिनीपर्यंत येईल अशी लांब घ्या, खोकी, डबा, पाण्याची बाटली सगळं तिच्याखाली जातं.