कूलंट हीटर बदलायला सांगितला, बदलला फ्यूज होल्डर

ट्रकच्या कूलंट हीटरचं नवीन युनिट आणि मजुरी मिळून तीन हजार डॉलरच्या वर, हे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनमधल्या एका सर्व्हिस शॉपचं कोटेशन. प्रत्यक्षात लागलं काय, तर एक सीलबंद फ्यूज होल्डर, थोडी जाड वायर आणि दोन रिंग टर्मिनल. आम्ही घरचे बाहेर जेवायला गेलो तर याहून जास्त बिल येतं. शॉपने तपासणीचा एक तास लावला आणि कंट्रोल युनिटचं लॉक काढायचे वेगळे घेतले, ते पैसे गेले ते गेलेच. किमान लिहून तरी वसूल करतो.

ट्रक सेकंडहँड घेतला तेव्हा हीटर बसवलेलाच होता. पाच किलोवॅटचा, बारा व्होल्टवर चालणारा, ट्रकच्याच टाकीतून डिझेल ओढणारा. स्लीपरमधला, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेतला, हवा गरम करणारा हीटर वेगळा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हा कूलंटवाला, म्हणजे इंजिन सुरू करण्याआधी त्यातलं कूलंट डिझेल जाळून तापवणारा. इंजिन पंधरा लिटरचं, त्यामुळे पाच किलोवॅट तसे कमीच. उणे ३० मध्ये दीड तास चालवलं तर इंजिन शून्याच्या आसपास येतं, फार नाही. पण तेवढं पुरतं. स्टार्टर कण्हत नाही, पहिल्या मिनिटाची ती घरघर नाही, धुराचा लोट नाही. तेल मात्र थंडच राहतं, म्हणून सिंथेटिक तेलात काटकसर करू नका. (काटकसरीबद्दल मी बोलतोय म्हणजे बघा.)

पहिल्या हिवाळ्यात मी याच्या प्रेमातच पडलो होतो. १३ जानेवारी २०२४ ची रात्र अल्बर्टातल्या कोणालाही विचारा. पारा उणे ४० च्या खाली, आणि संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम कोकलायला लागले: ग्रिडवर ताण आहे, वीज जपून वापरा, नको ते बंद करा. ट्रकचा ब्लॉक हीटर, म्हणजे प्लग लावून विजेवर इंजिन गरम ठेवणारा, दीड हजार वॅटपर्यंत खातो. शेजारी प्लग काढू की नको करत होते आणि माझा ट्रक प्लगविना खाली टक-टक करत डिझेलवर गरम होत होता. ती टक-टक डोसिंग पंपाची, म्हणजे हीटरला मोजून डिझेल पुरवणाऱ्या पंपाची. तिच्याकडे पुढे परत येऊ.

खर्चाचं गणित सरळ आहे. पूर्ण आचेवर हीटर तासाला ०.६ लिटरच्या आसपास पितो, अर्ध्या आचेवर त्याच्या निम्मं, आणि कूलंट तापलं की काही वेळ थांबतो. तेच इंजिन आयडलवर ठेवलं तर तासाला तीन लिटरच्या घरात. दहा तासांच्या मुक्कामाला तीस लिटर डिझेल नुसतं उभं राहून जाळायचं, वर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठवायची. कॅलिफोर्नियात तर पाच मिनिटांवर आयडलिंग केलं की दंड. लिटरला दीड डॉलर धरा आणि तुम्हीच गुणाकार करा.

आता बिघाड. अलास्का हायवेवर फोर्ट नेल्सनजवळ मुक्काम, भल्या पहाटे बटण दाबलं. ब्लोअर फिरला, थोडा वेळ घरघरला, मग सगळं शांत. परत दाबलं, परत तेच. आणि बटणावरचा दिवा लुकलुकायला लागला.

या दिव्याबद्दल मला सविस्तर बोलायचंय. स्क्रीनवर एरर दाखवणारा टायमर कंपनी वेगळा विकते, त्याचे वेगळे पैसे. तो नसेल तर बिघाड काय ते एक हिरवा दिवा सांगणार, तोही लुकलुकून. आधी काही झटपट लुकलुक, ती मोजायची नाही. मग सावकाश लुकलुक, ती मोजायची. एक म्हणजे पेटला नाही, दोन म्हणजे पेटून विझला, तीन म्हणजे व्होल्टेज कमी, आणि पुढे असंच. झटपट कुठे संपली आणि सावकाश कुठे सुरू झाली हे उणे ३४ मध्ये, पहाटे, चष्म्यावर वाफ धरलेली असताना ठरवायचं. बरं, हे बटण बसवणाऱ्याने बसवलंय झोपायच्या बंकच्या खाली, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसणार नाही असं. मी फोनवर व्हिडिओ काढायला लागलो तर थंडीत फोनच मान टाकून बंद पडला. हजारोंची वस्तू विकता आणि दोन आकडे दाखवायला कंजूषपणा करता? याचा मला अजूनही राग आहे, आणि माझ्याकडून याचा एक तारा कायमचा कापला.

शेवटी मोजले ते तीन निघाले. व्होल्टेज कमी. शॉपला मी फोनवरच हे सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने लिहून घेतलं "हीटर स्टार्ट होत नाही", आणि पुढचं सगळं त्या ओळीवरून झालं. सलग बऱ्याच वेळा पेटला नाही की कंट्रोल युनिट स्वतःला लॉक करून घेतं, कारण न जळलेलं डिझेल बर्नरमध्ये साठलं तर पुढे भडका उडू शकतो. ते ठीकच आहे. शॉपने लॉक काढलं, एकदा चालवून पाहिलं, परत बंद पडला, आणि निदान झालं: ग्लो पिन (तापून डिझेल पेटवणारी) गेली, बर्नर जुना, त्यापेक्षा नवीन युनिटच घ्या. मी विचारलं, "व्होल्टेज तपासलं का?" तर म्हणे, "बॅटरी साडेबारा दाखवतेय, उत्तम आहे."

इथे माझ्या ओळखीच्या एका वयस्कर पंजाबी मेकॅनिकचा उल्लेख केलाच पाहिजे. निवृत्त झालेत, पण फोन उचलतात. म्हणाले, "पुर्जा बाद में, पहले करंट नाप. और लोड पे नाप." म्हणजे हीटर चालू असताना. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: पंपाची टक-टक ऐकू आली का? नव्हती आली. म्हणजे हीटर डिझेल मागायच्या पायरीपर्यंत पोचतच नव्हता. क्रम असा असतो: आधी ग्लो पिन तापते आणि ब्लोअर हळू फिरतो, मग पंप टिकटिकायला लागतो, मग ज्योत लागते, ती सेन्सरला दिसली की पिन बंद. पिन तापत असताना करंट सगळ्यात जास्त ओढला जातो. तेवढ्यात व्होल्टेज साडेदहाच्या खाली गेलं की कंट्रोल युनिट सगळं आवरतं घेतं. टक-टक नाही, धूर नाही, डिझेलचा वास नाही. बर्नरला दोष द्यायला बर्नरपर्यंत गाडी गेलेलीच नाही.

हे ऐकल्यावर रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. हीटर बंद असताना त्याच्या कनेक्टरवर १२.६ व्होल्ट. सुंदर. शॉपवाल्याने बहुधा इथेच पाहिलं असणार. बटण दाबलं, पिन तापायला लागली, आणि त्याच कनेक्टरवर आकडा घसरत ९.८. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१. म्हणजे मधल्या वायरिंगमध्ये सव्वादोन व्होल्टच्या वर हवेत. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी हीटरच्या प्लसवर ठेवून परत चालवलं: १.९. मायनसच्या बाजूला उरलेले ०.४. चोर प्लसच्या बाजूला आहे हे नक्की झालं, आणि त्या बाजूला संशयित एकच.

फ्यूज होल्डर बसवणाऱ्याने बॅटरी बॉक्सच्या खाली टांगला होता, चाकाने उडवलेलं सगळं थेट अंगावर येईल असा. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, काही ठिकाणी मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण फवारतात, आणि ते तांब्याला खातं. झाकण उघडलं तर आत हिरवट भुकटी, एका पातीजवळचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, आणि वायरचे मोजके तंतू क्रिंपमध्ये (वायर दाबून बसवलेल्या जोडात) शिल्लक. फ्यूज मात्र ठणठणीत. कंटिन्युइटी (वायर जोडलेली आहे का ते बघायची मीटरची चाचणी) लावली तर मीटर आनंदाने बीप करतो, कारण मीटरच्या चिमूटभर करंटला चार तंतूही पुरतात. ग्लो पिनला पुरत नाहीत. होल्डर बदलला, वर बॅटरी बॉक्सच्या आत नेला, चेसिसवरची अर्थिंगची जागा घासून पत्रा उघडा केला आणि वर ग्रीस लावलं. पुढच्या वेळी पिन तापताना ११.६. पंप टिकटिकला, एक्झॉस्टमधून थोडी पांढरी वाफ आली, मग तो ओळखीचा बारीक जेटसारखा आवाज.

तेव्हा मी ठरवलं होतं की दिव्याचा राग विसरून इथे पाचपैकी पाच तारे द्यायचे. बरं झालं लगेच लिहिलं नाही.

काही आठवड्यांनी दिव्याचं दुसरं नाटक. या वेळी सावकाश दोन. पेटतो, थोडा वेळ चालतो, विझतो, आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर आणि डोळ्याला झोंबणारा डिझेलचा वास. टक-टक होती, पण ज्योत टिकत नव्हती, म्हणजे आता डिझेलच्या बाजूला बघायचं. बर्नरच्या टोकाची नळी काढून मापाच्या नळकांड्यात सोडली आणि पुस्तिकेत दिलेल्या वेळाइतका पंप चालवून पाहिला. पुस्तिकेतल्या मापापेक्षा बरंच कमी, आणि मधूनमधून नळीत बुडबुडे. कारणं दोन निघाली. पंप आडवा बसवलेला होता. त्याचं बाहेरचं तोंड वर राहील असा तिरका बसवावा लागतो, नाहीतर हवा आतच अडकते. आणि कडक प्लास्टिकची बारीक नळी जिथे रबराच्या तुकड्याने जोडलीय तिथे दोन टोकं एकमेकांना टेकलेलीच नव्हती, मधल्या पोकळीत बुडबुडा साठायचा. रबरही थंडीने कडक होऊन क्लॅम्पखाली भेगाळलं होतं. पंपाच्या जाळीत मेणासारखा थर होता. दक्षिणेत भरलेलं डिझेल घेऊन उत्तरेला आलं की हे होतंच, पण तेवढ्याने नळीत हवा शिरत नाही.

म्हणजे दोन्ही वेळी दोष हीटरचा नव्हता, बसवणाऱ्याचा होता. त्या माणसाने ही नळी कापताना बहुतेक दात वापरले असावेत.

हात घातलाच होता म्हणून बर्नरही उघडला. आत काळा कोळसा. आधीच्या मालकाने दहा-दहा मिनिटं चालवून बंद केला असणार. अर्धवट तापवलेला वातीचा स्टोव्ह जशी काजळी धरतो तसंच. एकदा चालू केला की निदान वीस मिनिटं चालू द्या, आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा फिरवा. घाटाच्या माथ्यावर मुक्काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहा: बऱ्याच हीटरांच्या पुस्तिकेत १,५०० मीटरच्या वर जास्त वेळ चालवू नका असं असतं, कारण हवा विरळ आणि डिझेल तेवढंच, म्हणजे काजळी. रॉकी पर्वतातला किकिंग हॉर्स पास १,६२७ मीटरवर आहे. मी तिथे खाली गोल्डन गावात उतरूनच थांबतो. आणि बॅटरीचा मेन स्विच मारून हीटर कधीही बंद करू नका. बटणाने बंद केला की ब्लोअर काही मिनिटं फिरत राहतो, तो आतलं डिझेल जाळून गार होत असतो. ते त्याला करू द्या.

कूलंटची होज काढली तर हवा नीट काढा, नाहीतर ओव्हरहीटचा कोड येतो, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चिनी नकला निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, घ्याव्या का असं दोघातिघांनी विचारलं. घ्या, पण आधी सुटे भाग कुठे मिळतात ते पाहा. माझ्या युनिटची ग्लो पिन, बर्नरची जाळी आणि गॅस्केट वेगवेगळी विकत मिळतात. बर्नर उघडला की गॅस्केट नवीनच घालायचं, जुनं पुसून परत बसवायचं नाही. तिथून धूर गळला तर केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड यायला वेळ लागत नाही. बंकपाशी त्याचा अलार्म लावलाच असेल. नसेल तर हीटरच्या आधी तो घ्या, त्याला तीन हजार लागत नाहीत.

पाचपैकी चार. कापलेला तारा कोणाचा ते वर सांगितलंय.