गंडकीचा म्हणून विकलेला अमोनाइट

नेपाळमधील मुस्तांग जिल्ह्यात, कागबेनी आणि मुक्तिनाथच्या परिसरात, काली गंडकीच्या पात्रात जे काळे गुळगुळीत गोटे मिळतात आणि ज्यांना आपण शाळिग्राम म्हणून देवघरात ठेवतो, त्यांपैकी अनेकांच्या पोटात अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याचे चक्राकार कवच असते. साधारण १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंडाच्या उत्तर काठावर टेथिस समुद्र होता. त्याच्या तळावरील काळ्या चिखलात ही कवचे पुरली गेली, त्यांच्याभोवतीचा चिखल इतर गाळाच्या आधी घट्ट होऊन त्याचे गोळे बनले आणि पुढे हिमालय उचलला गेल्यावर नदीने ते मऊ खडकातून मोकळे केले. हा इतिहास खरा आहे, आणि मला फसवणाऱ्या विक्रेत्याला तो उत्तम पाठ होता. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मुक्तिनाथच्या यात्रेहून परतलेल्या एका परिचितांकडून मला त्याचा क्रमांक मिळाला. सुरुवातीला त्याने पाठवलेले लहान गोटे अस्सल होते आणि किंमतही वाजवी होती. जीवाश्मांच्या व्यवहारात ही पद्धत जुनी आहे: स्वस्त वस्तू खरी द्यायची, ग्राहकाने ती जाणकाराला दाखवून खात्री करून घेतली की मग महाग वस्तू खोटी द्यायची, कारण दुसऱ्यांदा कोणी तपासायला नेत नाही. शाळिग्रामाची खरेदी-विक्री परंपरेने निषिद्ध मानली जाते, याचाही त्याने सोयीस्कर उपयोग केला. तो किंमत न म्हणता ‘दक्षिणा’ म्हणत असे, आणि दक्षिणेची पावती कशी द्यायची, असे विचारून बिल देण्याचे टाळत असे. भाविकाला तो पुराणातील कथा सांगे आणि माझ्यासारख्या संग्राहकाला टेथिस समुद्राची. दोघांनाही माल बहुधा एकाच पेटीतला जात असावा.

मला विकलेला नमुना दोन भागांत उघडणारा होता. एका अर्ध्यात फुगीर कवच, दुसऱ्यात त्याचा खोलगट ठसा, दोन्ही एकमेकांत नेमके बसणारे, आणि कवचाच्या कंगोऱ्यांवर सोनेरी झाक. ही झाक पायराइट या लोह-गंधकाच्या सोनेरी खनिजाची असल्याचे त्याने सांगितले, जे गंडकीच्या गोट्यांच्या बाबतीत अगदी शक्य असते. सोबत लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र होते आणि त्यावर ‘१०० टक्के नैसर्गिक, वय १४ कोटी वर्षे’ असे छापलेले होते. अशा प्रमाणपत्राला काहीही अर्थ नसतो. अमोनाइटचे वय तो कोणत्या थरातून आला आणि कोणत्या जातीचा आहे यावरून अभ्यासक ठरवतात. प्रयोगशाळेचा पत्ता किंवा तपासणाऱ्याची सही नसलेला कागद ते ठरवू शकत नाही. या नमुन्याचे मी साडेअठरा हजार रुपये दिले.

संशय आला तो पावसाळ्यात. पायराइट असलेले खरे जीवाश्म दमट हवेत हळूहळू खराब होतात. त्यांवर पांढरट-पिवळसर भुकटी धरते आणि गंधकासारखा वास येतो. कोकणात राहणाऱ्या संग्राहकाला हा त्रास दरवर्षी असतो आणि तो टाळण्यासाठी आम्ही डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. त्या वर्षी माझ्या संग्रहातील काही जुन्या नमुन्यांवर भुकटी आली, पण उघड्या फळीवर ठेवलेल्या या सोनेरी अमोनाइटला काहीही झाले नाही. पायराइट खरबरीत, बिनचकाकीच्या फरशीवर घासले तर हिरवट-काळी रेघ उमटते. इथे सुईच्या टोकाने खरवडताच सोनेरी रंगाचा पापुद्राच निघाला.

त्यानंतर भूशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी त्याची घनता मोजून दिली, आणि ही चाचणी कोणालाही घरी करता येईल इतकी सोपी आहे. वस्तू आधी हवेत तोलायची, मग दोऱ्याने काट्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोलायची, आणि हवेतील वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागायचे. माझ्या नमुन्याचा मोठा भाग हवेत ३१० ग्रॅम भरला आणि पाण्यात १४० ग्रॅम. भागाकार आला सुमारे १.८. अशा घट्ट खडकाची घनता सहसा २.५ च्या पुढे असते आणि पायराइट असल्यास आणखी वाढते. दगडाची पूड मिसळलेल्या रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या कृत्रिम राळेची घनता मात्र याच्या बरीच खाली राहते. मात्र रेझिनमध्ये लोखंडाची पूड घालून वजन वाढवलेले असेल, तर ही चाचणी एकटी पुरेशी नाही. म्हणून आम्ही कडेचा एक कोपरा कापून भिंगाखाली पाहिला. आत हवेचे बारीक गोल बुडबुडे होते. तापवलेली सुई टेकवल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास आला.

शेवटचा पुरावा नागपूरच्या एका संग्राहकांकडून मिळाला. त्यांनीही असाच नमुना घेतला होता. छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर दिसले की दोन्हींच्या बाहेरच्या वेढ्यावरील एकाच कंगोऱ्याचा एकाच जागी टवका उडाला होता. मूळ कवच खरेच असणार, कारण कंगोरे बाहेरच्या कडेकडे जाताना नैसर्गिकपणे दुभंगलेले होते. त्यावरून साचा घेऊन कितीतरी प्रती ओतल्या गेल्या होत्या.

हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण बनावट वस्तू ओळखण्याचे जे नेहमीचे सल्ले दिले जातात ते कोरीव मालासाठी असतात. छिन्नीने कोरलेल्या अमोनाइटचे वेढे डास पळवणाऱ्या कॉइलसारखे एकाच रुंदीचे असतात, तर खऱ्या कवचाचा प्रत्येक वेढा आतल्यापेक्षा प्रमाणात रुंद होत जातो. कवचाच्या कप्प्यांच्या भिंती जिथे बाहेरच्या पृष्ठभागाला मिळतात तिथे नागमोडी, पानाच्या कडेसारख्या कातरलेल्या सीवनरेषा दिसतात, आणि त्या कोरण्याच्या भानगडीत कारागीर सहसा पडत नाही. मोरोक्कोहून येणाऱ्या स्वस्त मालात असे कोरलेले नमुने भरपूर असतात. पण साच्यातून काढलेल्या प्रतीत वेढे, कंगोरे आणि असल्यास सीवनरेषासुद्धा अचूक उतरतात. उलट, वरचे कवच शाबूत असलेल्या खऱ्या नमुन्यात सीवनरेषा दिसतच नाहीत. तेव्हा आकारावर विसंबू नये. घनता, बुडबुडे आणि साच्याच्या सांध्याची बारीक रेघ तपासावी, आणि विक्रेत्याकडे त्याच ‘जाती’चे इतर नमुने मागून त्यांतील टवके व भेगा जुळतात का हे पाहावे.

उगमस्थानाबद्दलचे खोटे पकडणे त्यामानाने सोपे असते. सह्याद्रीत सापडलेला अमोनाइट म्हणून कोणी काही विकत असेल तर संवाद तिथेच थांबवावा, कारण सह्याद्रीचा कातळ लाव्हाचा आहे, समुद्राच्या गाळाचा नाही. कच्छमध्ये ज्युरासिक काळातील अमोनाइट मुबलक मिळतात, पण ढोसा भागातील ज्या थरासाठी कच्छ प्रसिद्ध आहे तो तपकिरी, लोहयुक्त आणि बारीक गोल कणांचा आहे. तिथला म्हणून दाखवलेला नमुना काळाकुळकुळीत आणि चकचकीत असेल, तर तो त्या थराचा नव्हे.

पैसे यूपीआयने एका भारतीय खात्यात गेले होते, ज्यावरील नाव विक्रेत्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हते. मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि त्याच यंत्रणेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तक्रारीत व्यवहार क्रमांक, संभाषणाची छायाचित्रे, घनतेची मोजमापे आणि नागपूरच्या नमुन्याचे छायाचित्र जोडले आहे. खात्यातील रक्कम आधीच काढून घेतली गेल्याचे मला कळवण्यात आले. ज्यांनी याच प्रकारचा, दोन भागांत उघडणारा सोनेरी नमुना घेतला असेल, त्यांनी बाहेरच्या वेढ्यावरील टवका पाहावा, आणि तो जुळत असल्यास स्वतंत्र तक्रार करताना दोन्ही भागांची मोजपट्टीसह छायाचित्रे जोडावीत. एकाच साच्यातील जितक्या प्रती नोंदीवर येतील तितके ‘मलाही तो खरा म्हणूनच मिळाला होता’ हे विक्रेत्याचे म्हणणे टिकवणे त्याला अवघड जाईल.