शिडाच्या तारेचा ताण मोजायला: स्प्रिंगकाटा की तीन पिनांचा गेज?

नागपूरच्या फुटाळा तलावावर भेटलेल्या एका भाऊचा प्रश्न होता, शिडाच्या मॉडेल बोटीची डोलकाठी धरणाऱ्या तारेचा ताण कशानं मोजायचा, म्हणून लिहितो.

स्प्रिंगकाटा स्वस्त, बनवायचं काहीच नाही, तार मधोमध 5 मिमी बाजूला ओढायची, 40 सेंमी तारेला 100 ग्रॅम लागले तर ताण साधारण 2 किलो, पण 5 चे 6 मिमी झाले की हिशोब बिघडतो.

तीन पिनांचा गेज (तार तीन पिनांमधून अडकवायची, मधली पिन तिला बाजूला दाबते, त्यावरून ताण कळतो) बनवायला एक रविवार जातो, पण पिनांचं अंतर पक्कं असल्यानं डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या तारा अगदी सारख्या ताणता येतात, मला हाच आवडतो. कॅलिब्रेशनला तीच तार टांगून खाली 1, 2, 3 किलो पाण्याचे कॅन लटकवा (कॅनसकट वजन करा) अन् खुणा करा, तारेची जाडी बदलली की खुणा नव्यानं. गेज पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचं प्लास्टिक) प्रिंट केला असेल तर मेच्या उन्हात कारमध्ये नका ठेवू, 60 डिग्रीच्या आसपास मऊ पडतो.

कधीमधी बोट चालवणाऱ्याला काटा पुरतो, रेस करणाऱ्यानं गेजच बनवावा.