१५०-६०० लेन्स, आठ महिने आणि एक फालतू बटण

आधी राग काढून घेतो. सप्टेंबरात, महालक्ष्म्यांच्या आदल्या आठवड्यात सेकंडहँड १५०-६०० एमएम घेतली, लांबचे पक्षी टिपायची कॅमेऱ्याची झूम लेन्स, ५२ हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगं कुणी अंगावर यायचं. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडा. माझं दुखणं एकच, ही लेन्स जवळचा पक्षी धरत नाही. लांब विजेच्या खांबावरची कापशी घार झटक्यात फोकस होते, अन् समोर तारेवर वेडा राघू येऊन बसला की घुर्र घुर्र करत पुढंमागं फिरत बसते, तोवर राघू माशी मारून, गिळून, दुसरीच्या मागं गेलेला असतो.

तुम्ही म्हणाल जवळच जायचंय तर ६०० कशाला घेतली. बाबांनो, इकडं परभणीकडं ऊन तापलं की काळ्या रानातून झळा उठतात, ४० मीटरवरचा पक्षी पाण्याखाली बसल्यासारखा दिसतो, मग लेन्स पाच लाखाची असो नाहीतर पन्नास हजाराची. आणि वेडा राघू केवढा, शेपटीची काडी सोडली तर चिमणीपेक्षा जरासाच मोठा. जवळ जावंच लागतं.

जानेवारीत लेन्स पुण्याला सर्व्हिस सेंटरला धाडली. जायचं-यायचं कुरिअर माझं, वर तपासणीचे ११८० जीएसटीसकट. एकोणीस दिवसांनी फोन, "सर, इथे तर व्यवस्थित फोकस होतंय." काय प्रॉब्लेम होता विचारलं तर "काही नव्हता सर". काही नव्हता तर ११८० कशाचे घेतले? बरं, परत आल्यावर लेन्स खरंच चालली. चार दिवस. पाचव्या दिवशी परत घुर्र घुर्र. मग फोनवर बोलू नये ते बोललो.

इथपर्यंत फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं, पाठवायचं राहिलं आणि राहिलं ते बरंच झालं. होळीला भाचा आला होता, लेन्स मांडीवर घेऊन चाळा करत बसला होता, म्हणला, "मामा, हे बटण १० मीटरवर कशाला ठेवलंय?"

फोकस लिमिटर. तीन खाचा: फुल, १० मीटर ते अनंत, आणि २.८ ते १० मीटर. मी सहा महिन्यांत त्याला हात लावला नव्हता, पण बॅगेतल्या कप्प्याची कड नेमकी त्यावर घासायची आणि आत-बाहेर करताना बटण एक खाच सरकायचं. म्हणजे १० मीटरच्या आतलं काही बघायचंच नाही असं लेन्सला सांगितलेलं, ती बिचारी कुठून धरणार. सर्व्हिसवाल्याने तपासताना फुलवर केलं असणार, म्हणून चार दिवस सुखाचे गेले. चूक माझी, कबूल. पण ११८० घेणाऱ्याने एक वाक्य तरी बोलायचं ना! १० रुपयांची वायरिंगची काळी चिकटपट्टी लावली, तेव्हापासून तक्रार नाही.

आता खरी मजा. मार्चमध्ये आमच्या शेततळ्याच्या मातीच्या ढिगात वेड्या राघूच्या एका जोडीने घरट्याचं बीळ केलं. पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखा बिळाच्या समोर बसलो, तर पक्षी चोचीत माशी धरून तारेवर टिर्र टिर्र करत बसून राहायचा, आत जायचाच नाही. मग आठवलं, जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ह्याच पक्ष्यावर पेपर लिहिलाय, माणसाला बीळ दिसतंय का नाही हे वेड्या राघूला कळतं म्हणून. वेडा म्हणे! अंतर तेवढंच ठेवून ढिगाच्या आडबाजूला बसलो, जिथून बीळ दिसत नाही. अर्ध्या तासात दोघांच्या खेपा सुरू.

त्यांची बसायची जागा म्हणजे एक वाळकी पऱ्हाटी, माझ्यापासून साडेतीन मीटरवर. राघूने मधमाशी आणली, पऱ्हाटीवर डावीकडं आपटली, उजवीकडं आपटली, मग तिचं बूड काडीवर घासघासून काटा काढला आणि वर उडवून गिळली. एवढ्या जवळ ६०० वर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, ६.३ ठेवलं तर जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर शार्प येतं, डोळा धरला तर शेपूट गेली. ११ वर नेलं, म्हणजे छिद्र बारीक केलं, तेव्हा डोक्याचा तांबूस सोनेरी आणि गळ्याचा निळा दोन्ही नीट उतरले.

तेवढ्यात तात्या आले. "काय हेरायलास रे तिथं?" स्क्रीन दाखवली. म्हणले, "हे तर रोज बांधावर असतंय की." म्हणलं तात्या, डोळा बघा, लाल असतो. चष्मा वर करून बराच वेळ बघितलं त्यांनी. "अगागा, काजळ घातल्यावानी दिसायलंय."

विकायचा विचार रद्द केलाय. लेन्सच्या तोंडावर बसवायचा ९५ एमएमचा फिल्टर मात्र घेणार नाही, तेवढ्यात बाईकचं टायर येतं.

आणि परवा काय व्हावं, मी बाईकजवळ बसून पाणी पित होतो तर तोच राघू येऊन तिच्या आरशावर बसला. दोन मीटर पण नसेल. लेन्स उचलली, घुर्र घुर्र. पट्टी चाचपली, जागेवर. बटण फुलवरच. मग डोक्यात प्रकाश पडला, २.८ च्या आत ही धरतच नाही. बसल्या बसल्या मागं सरकायला लागलो, एक फूट, दीड फूट, पाठ बाभळीच्या काट्यात गेली, ओरडलो, आणि राघू उडाला.