इयत्ता न पाहता शिकवणारा वाचनवर्ग

माझा मुलगा चौथीत गेला तरी दुसरीच्या पुस्तकातील गोष्ट अडखळत वाचत असे, म्हणून या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला आमच्या वस्तीतील एका वाचनवर्गात घातले. वर्ग महिनाभराचा, रोज दीड तासाचा होता. पहिल्या दिवशी ताईंनी प्रत्येक मुलाला जवळ बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या स्तराचा उतारा आणि दुसरीच्या स्तराची गोष्ट वाचायला दिली (मुलांना वाचन-गणित किती येते हे पाहणाऱ्या ‘असर’ पाहणीतही मुलांचे वाचन असेच तपासतात) आणि इयत्ता बाजूला ठेवून गट पाडले. माझा मुलगा तिसरीतल्या दोन मुलींबरोबर बसला. दोन दिवस रुसला, मग रमला.

शाळेत मराठीची तासिका रोज असते, पण पस्तीस मिनिटांत चाळीस मुलांपैकी एकेकाच्या वाट्याला स्वतः वाचायला एक मिनिटही येत नाही. मुले धडा सुरात म्हणतात. माझ्या मुलाला निम्मे धडे तोंडपाठ होते, मात्र त्यातलेच वाक्य वेगळ्या कागदावर लिहून दिले की तो गप्प होई. येथे त्याला रोज स्वतः बोट ठेवून वाचावे लागले. ‘पर्वत’ हा शब्द तो ‘पवरत’ असा वाचत होता, कारण रफार ‘व’च्या डोक्यावर दिसतो. ताईंनी न रागावता ‘र’ची चिठ्ठी ‘प’ आणि ‘व’ यांच्या मध्ये ठेवून शब्द वाचून घेतला, मग तीच चिठ्ठी उचलून तिच्या जागी ‘व’वर रफार काढला. ‘सूर्य’ आणि ‘गर्दी’ हे शब्द त्याने त्यानंतर आपणहून बरोबर वाचले.

हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शाळांच्या वेळापत्रकातच रोज एक तास अशा पातळीनुसार वाचनासाठी राखून ठेवला, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. बिहारमध्ये मात्र नुसते साहित्य पुरवलेल्या शाळांत फरक पडला नव्हता. तास कशात जातो याला किती महत्त्व आहे, ते मला या वर्गात समोर दिसले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. तिसऱ्या आठवड्यात नवी मुले घेतल्यामुळे आमचा गट नऊवरून सोळांवर गेला, दुसऱ्या ताई काही आल्या नाहीत आणि वाचनाची पाळी जवळपास निम्मी झाली. शेवटच्या दिवशी मुलाने दुसरीची गोष्ट पूर्ण वाचली, दोन जोडाक्षरांवर थांबला. दिवाळीच्या सुट्टीतील वर्गात त्याचे नाव घालणार आहे, मात्र गटात किती मुले असतील हे आधी विचारून घेईन.