प्रोड्यूसर गॅस प्लांट: भट्टीसाठी घ्यावा, विजेसाठी घेऊ नये

फर्नेस ऑइलवर चालणारी बिलेट (लाटून सळया वगैरे करण्याचे पोलादी ठोकळे) तापवण्याची भट्टी कोळशाच्या वायूवर, म्हणजे प्रोड्यूसर गॅसवर, आणायची असेल, तर त्यासाठी बाजारात मिळणारे सर्वांत साधे यंत्र म्हणजे स्थिर थराचा, हवा आणि वाफेवर चालणारा, एकाच टप्प्याचा गॅसिफायर, म्हणजे कोळशाचा वायू बनवणारे पात्र. कारखान्यात त्याला सगळे ‘गॅस प्लांट’च म्हणतात. नागपूरजवळच्या आमच्या री-रोलिंग मिलमध्ये असा एक प्लांट काही वर्षांपासून चालू आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातील बहुतेक यंत्रे एकाच जुन्या आराखड्यावर बेतलेली असतात आणि त्यांचे बरेवाईट त्या आराखड्यावर, तसेच आपण त्यात कोणता कोळसा टाकतो यावर अवलंबून असते. विक्रेते याला नवे तंत्रज्ञान म्हणून विकतात, त्याचे मात्र हसू येते. मुंबईच्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे १८६५ मध्येच लागले होते. तो वायू बंद पात्रात कोळसा भाजून काढत असत, एवढाच काय तो फरक.

आत घडते ते असे. उभ्या पोलादी पात्रात वरून कोळसा पडतो आणि खालून वाफेने ओली केलेली हवा शिरते. तळाशी राख, तिच्यावर पेटलेला थर, त्यावर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांचे तप्त कोळशाशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होण्याचा थर आणि सर्वांत वर नवा कोळसा वाळण्याचा व त्यातून डांबर सुटण्याचा थर, अशी ही रचना असते. हवा वापरल्यामुळे तयार वायूत जवळपास निम्मा नायट्रोजनच असतो. त्यामुळे त्याचा उष्मांक घनमीटरला साधारण ११०० ते १३०० किलोकॅलरी एवढाच भरतो, म्हणजे नैसर्गिक वायूच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्शाइतका. या दुबळ्या वायूवर भट्टी तापेल का, ही शंका आम्हालाही होती. ज्वलनाची हवा रिक्युपरेटरमधून (भट्टीच्या धुराची उष्णता हवेला देणारे यंत्र) तापवून घेतली की बिलेटसाठी लागणारे १२०० अंश तापमान निर्धास्त मिळते; मात्र बर्नर आणि नळ्या त्या मानाने बऱ्याच मोठ्या घ्याव्या लागतात. जुन्या ऑइल बर्नरच्या जागी थोडाफार बदल करून काम भागेल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

खर्चाच्या बाबतीत प्लांट आपले वचन पाळतो. जी-९ प्रतीच्या, म्हणजे किलोला ४६०० ते ४९०० किलोकॅलरी उष्मांकाच्या कोळशाचा गरम वायू थेट भट्टीत नेला, तर एक किलो फर्नेस ऑइलचे काम सुमारे अडीच किलो कोळशात होते. ब्लोअरची वीज, जादा मनुष्यबळ आणि राखेची वाहतूक धरूनही आमचे इंधनाचे बिल निम्म्याखाली आले. भट्टीचे तापमान ऑइलइतक्या झटपट कमी-जास्त करता येत नाही, आणि मिल मध्येच थांबली की वायू हवेत जाळून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. रोज तासन्‌तास थांबणाऱ्या मिलने हा हिशेब आधी करावा.

खरी परीक्षा कोळशाची असते. पात्राला २५ ते ५० मिलीमीटरचे खडे लागतात. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणीतून आलेल्या मालात चुरा किती निघेल याचा भरवसा नसतो आणि तो चुरा थरात गेला की हवा एका बाजूने वाट काढते, तिथे आग वर चढते आणि वायूची प्रत कोसळते. चाळणी आणि चुऱ्याला गिऱ्हाईक, या दोन्हींची तजवीज प्लांटच्या किमतीतच धरावी. आपल्या गोंडवानी कोळशात राख भरपूर असली तरी ती साधारणपणे उच्च तापमानालाच वितळते, ही त्यातली जमेची बाजू. आयात कोळशात राख कमी म्हणून तो सरसकट चांगला, असे नाही. राख लवकर वितळणारी निघाली तर क्लिंकरचे, म्हणजे वितळून थिजलेल्या राखेचे, मोठे गोळे होतात आणि तळाची फिरती जाळी अडकते. म्हणून राखेच्या वितळण्याच्या तापमानाची चाचणी केल्याशिवाय कोणताही नवा कोळसा चढवू नये.

प्लांट चालवण्याचे कसब वाफेच्या प्रमाणात आहे. हवा-वाफेच्या मिश्रणाचे तापमान साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते. ते कमी झाले की आग भडकून क्लिंकर बनतो, आणि वाढले की थर थंड पडून संयोग न झालेली वाफ तशीच वायूसोबत निघते. आमचे जुने ऑपरेटर पात्राच्या माथ्यावरच्या पोक होल नावाच्या भोकातून लोखंडी सळई आत खुपसतात, थोड्या वेळाने बाहेर काढतात आणि तिचा किती भाग लाल झाला आहे ते पाहून आगीची जाडी व जागा सांगतात. उत्पादकाने दिलेल्या पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा मी या सळईवर अधिक विसंबतो. असा माणूस मिळणे कठीण, टिकवणे त्याहून कठीण. उत्पादकाचे प्रशिक्षण तर काही दिवसांत उरकले जाते.

गरम वायूचा प्लांट घ्यावा की थंड व ‘स्वच्छ’ वायूचा, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: गरमच. भट्टी जवळ असेल आणि नळी आतून अस्तर लावलेली व आखूड असेल, तर डांबर वाफेच्या रूपातच बर्नरपर्यंत पोचते आणि तिथे जळून उष्णता देते. नळीत काजळी साठते आणि बंदच्या काळात ती जाळून काढावी लागते, हा त्रास खरा, पण सोसण्याजोगा आहे. थंड पद्धतीत वायू पाण्याने धुतात, त्यामुळे डांबर आणि फिनॉलयुक्त पाणी मागे उरते आणि वायूची स्वच्छता म्हणजे शेवटी ही घाण पाण्याच्या माथी मारणे ठरते. गुजरातमधील मोरबी-वांकानेर पट्ट्यातील सिरॅमिक कारखान्यांचे कोळसा गॅसिफायर राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये बंद करायला लावले ते प्रदूषणापायीच, आणि तिथल्या कारखानदारांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मोरबीचे नाव आजही अभिमानाने असते. या आदेशाचा उल्लेख मला एकाही पत्रकात आढळला नाही.

सुरक्षेबाबत यंत्रापेक्षा मालकाचीच कसोटी लागते. या वायूत पाव हिश्श्याहून अधिक कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि त्याला स्वतःचा रंग नाही, वास नाही. गरम वायूला डांबराचा उग्र दर्प तरी असतो. धुतलेल्या वायूत तोही उतरतो. आमच्या प्लांटसोबत गळती दाखवणारे इशारायंत्र जादा किमतीची वस्तू म्हणून आले, ही गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. पोक होलवर वाफेचे आवरण, वायू अडवून धरणाऱ्या वॉटर सीलमधील पाण्याची पातळी आणि सुरू-बंद करताना वाफेने नळ्या धुऊन काढणे, यांत कसलीही तडजोड चालत नाही.

याच वायूवर इंजिन लावून वीज बनवण्याचा प्रस्तावही आमच्याकडे आला होता. कोळशातील सुमारे पाऊण ऊर्जा थंड वायूत उतरते आणि इंजिन त्यातील जेमतेम तिसरा हिस्सा विजेत बदलते, म्हणजे हाती पावच भाग लागतो. शिवाय डांबराचा अंश राहिला की झडपा चिकटतात. कोळशाच्या वायूवर मोठ्या प्रमाणात वीज बनवण्याचा अनुभवही सावध करणारा आहे. भेलने तिरुचिरापल्लीत ६.२ मेगावॉटचा प्रात्यक्षिक संच उभारला, पण देशात त्यातून व्यापारी वीजकेंद्रांची मालिका उभी राहिली नाही. नेदरलँड्समधील बुगेनम केंद्र २०१३ मध्ये बंद झाले आणि अमेरिकेतील केम्पर प्रकल्पाने अब्जावधी डॉलर ओतल्यावर २०१७ मध्ये गॅसिफायर सोडून नैसर्गिक वायूवर समाधान मानले. जपानने नाकोसो येथे हवेवर चालणारा २५० मेगावॉटचा संच चालवून दाखवला, ही त्या देशाची चिकाटी. उलट ओडिशातील अंगुल येथे जिंदालच्या कारखान्यात कोळशाचा वायू लोहखनिजापासून स्पंज आयर्न करण्यासाठी वापरला गेला, आणि मला हा वापर विजेपेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ मधील ८५०० कोटी रुपयांच्या कोळसा वायूकरण योजनेचा हवाला देऊन कोणी अनुदानाचे गाजर दाखवील, त्यालाही भुलू नये. तिच्यातील छोट्या प्रकल्पांच्या गटासाठीसुद्धा किमान १०० कोटींच्या भांडवली खर्चाची अट आहे. आमच्यासारख्या मिलचा प्लांट त्याच्या आसपासही पोचत नाही.

सलग चालणारी भट्टी, खाणीजवळची जागा आणि नैसर्गिक वायूचा अभाव, हे तिन्ही असेल तरच या यंत्राला माझे पाचांपैकी साडेतीन गुण. दारात वायूची नळी आली असेल, तर दोनसुद्धा देणार नाही. खरेदीच्या करारात हमी तापवलेल्या बिलेटच्या टनामागे लागणाऱ्या कोळशाची घ्यावी, ती आपल्याच खाणीच्या कोळशावर सिद्ध करून घ्यावी आणि तोवर रकमेचा शेवटचा हप्ता हातचा सोडू नये.